साध्या वेशातला पैलवान : एम५, तिच्या स्पर्धक गाड्या आणि न मिटलेला वाद

२०२४ साली बीएमडब्ल्यूने सातव्या पिढीची एम५ जाहीर केली. माहितीपत्रकात मिरवायला पुष्कळ होतं: ७२७ अश्वशक्ती, १,००० न्यूटन-मीटर टॉर्क, व्ही८ इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. पण जगभरच्या गाडीप्रेमींची नजर खालच्या एका आकड्यावर जाऊन थांबली. वजन २,४३५ किलो. आधीच्या पिढीतल्या एम५ कॉम्पिटिशनपेक्षा हे पाचशे किलोंहून जास्त. गाडीत सात धडधाकट माणसं कायमची बसवून ठेवावीत, इतकं. त्यातच शून्य ते शंभरचा कंपनीने दिलेला वेळ ३.५ सेकंद, आणि जुन्या कॉम्पिटिशनचा ३.३. शंभर अश्वशक्ती वाढूनही गाडी सुटायला किंचित मागेच.

तेव्हापासून पेटलेला वाद वरवर एका गाडीचा वाटतो. त्याची मुळं मात्र पन्नासेक वर्षं मागे जातात आणि त्यात मर्सिडीज, आउडी, कॅडिलॅक, टेस्ला, पोर्श ही सगळी नावं गुंतलेली आहेत. जलद आणि ऐषआरामी अशा चार दारांच्या गाडीकडून नेमकं काय मागायचं, यावर आज कोण काय म्हणतं आणि कुठे गाडं अडलेलं आहे, ते इथे क्रमाने मांडतो.

मूळ कल्पना

या जातीची सुरुवात बरेच जाणकार १९६८ सालच्या मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ पासून धरतात. एरिच वॅक्सेनबर्गर या इंजिनिअरने ६०० या प्रचंड लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही८ इंजिन उचललं आणि तिच्याहून बऱ्याच लहान मोटारीत बसवलं. बाहेरून बँकेच्या संचालकाची गाडी वाटावी आणि पायाखाली २५० अश्वशक्ती. याच मोटारीवर पुढे हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर यांच्या एएमजीने काम केलं आणि १९७१ साली स्पा इथल्या २४ तासांच्या शर्यतीत तिला दुसरं स्थान मिळवून दिलं.

बीएमडब्ल्यूने १९८५ साली पहिली एम५ आणली. हिचं नाव गाडीप्रेमींच्या तोंडी ई२८. एम१ या स्पोर्ट्सकारच्या सहा सिलिंडर इंजिनाची सुधारलेली आवृत्ती साध्या ५ सीरिजमध्ये बसवलेली, २८६ अश्वशक्ती, ताशी २४५ किलोमीटर, आणि वजन साधारण १,४३० किलो. शेजारच्या सिग्नलला उभी राहिली तर एखाद्या डॉक्टरांची रोजची गाडी वाटावी. सदऱ्याखालचं पैलवानाचं अंग तो आखाड्यात उतरल्यावरच दिसावं, तशी ही गाडी होती, आणि या जातीचं सगळं आकर्षण आजही त्या लपवण्यात आहे असं मला वाटतं. मुलांना शाळेत सोडायचं, आईला दवाखान्यात न्यायचं, आणि रविवारी पहाटे तीच गाडी घाटात घालायची.

पिढीगणिक तक्रार

आज जी९० या नव्या एम५ वर जी टीका होते तिचं वजन जोखायचं तर आधीच्या पिढ्यांचं काय झालं ते पाहावं लागतं. १९८८ सालच्या ई३४ ने सहा सिलिंडरची परंपरा पुढे नेली आणि स्टेशन वॅगनच्या रूपातही आली. खरा प्रश्न १९९८ च्या ई३९ च्या वेळी उभा राहिला. तिच्यात पहिल्यांदाच व्ही८ आलं: ४.९ लिटर, ४०० अश्वशक्ती. सहा सिलिंडरच्या भक्तांना ते पटलं नव्हतं. स्टेअरिंगबद्दलही कुरकुर होती, कारण तिच्यात रॅक-अँड-पिनियनऐवजी जुन्या धाटणीची रचना होती आणि मध्यभागी ती थोडी सैल वाटायची. आज हीच ई३९ आदर्श म्हणून सांगितली जाते.

का, ते मला म्युनिकला कळलं. तिथे स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांकडे ई३९ आहे. डिसेंबरच्या सकाळी आम्ही गार्मिशच्या दिशेने ए९५ महामार्गावर निघालो. टॅकोमीटरच्या कडेला केशरी दिव्यांची ओळ पेटलेली होती. इंजिन गार असताना किती आरपीएमच्या वर जायचं नाही, हे ते दिवे सांगतात; तेल तापत जातं तसे एकेक विझत जातात. मी अधीर झालो होतो. ते म्हणाले, "अरे थांब, तिला आधी घाम तर येऊ दे." वीसेक मिनिटांनी शेवटचा दिवा विझला, त्यांनी सहावरून चौथ्या गिअरला आणली आणि पाय दिला. त्या ओढीत धक्का असा नव्हताच. आठही सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असल्यामुळे पायाची हालचाल आणि इंजिनाचं उत्तर यांत मध्ये कुणी नाही असं वाटत होतं. गाडी माणसाला थोडं थांबायला लावते आणि मग मोकळी सोडते, हा अनुभव कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

२००५ च्या ई६० ने दहा सिलिंडरचं ५ लिटर इंजिन आणलं. ५०७ अश्वशक्ती, ८,२५० आरपीएमपर्यंत चढणारं. आवाजासाठी लोक आजही तिच्या मागे आहेत. पण तिचा एसएमजी गिअरबॉक्स संथ वेगात गचके द्यायचा आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा खर्च ही तिच्या मालकांच्या गप्पांतली कायमची चिंता. २०११ च्या एफ१० मध्ये टर्बो आले आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवायची सोय आली. दुसऱ्या गोष्टीवर पहिलीपेक्षा जास्त राग निघाला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एफ९० ने चारही चाकांना ताकद दिली. मागच्या चाकांची गाडी हरवली अशी ओरड सुरू होण्याआधीच कंपनीने फक्त मागची चाकं चालवायचा पर्याय देऊन ठेवला होता. त्याच पिढीतली २०२१ ची एम५ सीएस, ६३५ अश्वशक्तीची आणि कॉम्पिटिशनपेक्षा सुमारे ७० किलो हलकी, आज अनेकांच्या यादीत ई३९ च्या शेजारी बसते.

या इतिहासातून एक पक्ष निष्कर्ष काढतो की जी९० चंही तेच होणार: आज शिव्या, वीस वर्षांनी आरती. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. व्ही८, टर्बो, चार चाकांची ताकद या सवयीने पचणाऱ्या गोष्टी होत्या. वजनाला सवय नसते. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला ते तितकंच जाणवतं. आणि दर टनामागची अश्वशक्ती काढली तर ई३९ ची सुमारे २३२ येते, एफ९० कॉम्पिटिशनची ३३० आणि जी९० ची ३००. ई३९ पासून पिढीमागून पिढी चढत आलेला हा आकडा आता खाली आला आहे.

समोरच्या गाड्या

मर्सिडीजचं उत्तर १९९० मध्ये आलं. ५००ई ही डब्ल्यू१२४ ची रुंद अंगाची, व्ही८ इंजिनाची आवृत्ती. तिचं अंग मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या साखळीत बसेना, म्हणून जुळणीचं बरंच काम पोर्शच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात व्हायचं आणि गाडी दोन कारखान्यांत ये-जा करत पूर्ण व्हायची. पुढे ही जबाबदारी एएमजीकडे गेली. एका माणसाने एक इंजिन बांधायचं आणि त्यावर सहीची पट्टी लावायची, ही एएमजीची रीत. एएमजीच्या चाहत्यांना ताकद खालपासून हवी असते, आवाज खर्जातला हवा असतो आणि सीट सोफ्यासारखी चालते. २०१७ च्या ई६३ एस मध्ये ६१२ अश्वशक्ती होती आणि मागची चाकं मुद्दाम घसरवायचा ड्रिफ्ट मोडही. पण नव्या ई-क्लासमध्ये ई६३ अजून नाही. सहा सिलिंडरची हायब्रिड ई५३ आहे. धाकट्या सी६३ मध्ये तर २०२२ साली व्ही८ जाऊन चार सिलिंडर आणि विजेची मोटर आली. ६८० अश्वशक्ती असूनही ती चाहत्यांच्या गळी उतरली नाही. आकडा वाढवून माणूस जिंकता येत नाही, याचा एवढा स्पष्ट दाखला या क्षेत्रात दुसरा नाही.

आउडीची वाट निराळी. १९९४ ची आरएस२ पोर्शच्या मदतीने झाली, २००२ ची पहिली आरएस६ कॉसवर्थच्या. २०१३ पासून आरएस६ फक्त वॅगन म्हणूनच मिळते. आल्प्सच्या बाजूला राहणाऱ्यांना बर्फात, कुत्र्यासह आणि स्कीसह, ताशी २५० ने जाता येणारी गाडी म्हणजे तीच. तिच्यावरचा जुना आक्षेप असा की इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असल्याने नाक जड राहतं आणि वळणात गाडी बाहेर सरकते. ताज्या पिढीत मागची चाकंही वळतात, त्यामुळे तो बराच बोथट झाला आहे. पूर्ण गेला असं मात्र तिचे चाहतेही म्हणत नाहीत. बीएमडब्ल्यूने यावेळी एम५ ची वॅगनही काढली, याला आरएस६ चं यश हे एक कारण असावं.

लोटस कार्लटनचं नाव ब्रिटनमध्ये अजून निघतं. १९९० च्या या ३७७ अश्वशक्तीच्या गाडीवर बंदी घालावी अशी मोहीम तिथल्या वृत्तपत्रांनी चालवली होती, आणि १९९३ मध्ये चोरीला गेलेल्या एका कार्लटनने दुकानं फोडणाऱ्या टोळीला पोलिसांच्या हाती लागू दिलं नव्हतं. एवढा वेग सामान्य रस्त्यावर असावा का, हा प्रश्न तेव्हापासून या वादाच्या कडेला उभा आहे. जर्मन कंपन्यांनी ताशी २५० वर स्वतःहून मर्यादा घालून घेतली ती याच काळात.

मला सर्वांत लक्षणीय वाटणारी स्पर्धक गाडी अमेरिकेतून आली. कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग: सुपरचार्ज केलेलं ६.२ लिटरचं व्ही८, ६६८ अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, आणि हवा तर सहा गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स. वजन सुमारे १,८७० किलो. तीस वर्षांपूर्वी कॅडिलॅक म्हणजे पलंगासारखी डुलणारी मोटार. आज बीएमडब्ल्यूकडून अपेक्षा ठेवणारे लोक म्हणतात की खरी एम५ अमेरिकेत बनते. आतलं सामान आणि जुळणी जर्मन दर्जाची नाही हेही तेच मान्य करतात. युरोपात आणि भारतात ती सहज मिळत नाही, त्यामुळे तिच्याविषयीचं बरंचसं प्रेम दुरूनच केलेलं आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं.

कोण काय म्हणतं

जुन्या वळणाच्या पक्षाचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीने ड्रायव्हरसाठी काम शिल्लक ठेवावं. क्लच, गिअर, आरपीएम राखणं, वळणाआधी गाडीचं वजन पुढे आणणं हे सगळं हाताला बसायला वर्षं लागतात आणि तेच खरं सुख. हे लोक वेगाच्या विरोधात नाहीत. संगणकाने मिळवून दिलेला वेग आपला नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे.

दुसऱ्या बाजूला मोजमापाचे लोक. त्यांच्या मते गाडी जलद आणि सुरक्षित असावी, आणि पावसात रात्री घरी परतताना ७२७ अश्वशक्ती सामान्य माणसाच्या हाती देता यावी, हे अभियांत्रिकीचं मोठं यश आहे. हातगिअरच्या एम५ मधून चुकीच्या क्षणी पाय उचलला तर काय होतं ते आठवा, असं ते सांगतात. हा मुद्दा पोकळ नाही. जी९० सलग चालवून पाहिलेल्या बऱ्याच परीक्षकांनी लिहिलं की पहिल्या अर्ध्या तासानंतर वजन अपेक्षेपेक्षा कमी जाणवतं. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणारी मागची चाकं लांबी लपवतात. मात्र ताशी २०० वरून थांबताना जुन्या कॉम्पिटिशनपेक्षा सुमारे २८ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. काही भाग मोटर परत बॅटरीत घालते, उरलेला ब्रेक आणि टायर सोसतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांची नाराजी तिथे आहे.

आणि एक मोठा गट असा आहे ज्याचा आवाज वादात कमी ऐकू येतो: ही गाडी रोज वापरणारे. पहाटे शेजाऱ्यांना न उठवता विजेवर गल्लीतून निघता येतं आणि कागदावर ६५ किलोमीटरच्या वर फक्त बॅटरीवर जाता येतं, याचं त्यांना अप्रूप आहे. लपलेल्या पैलवानाची मूळ कल्पना घेतली तर आवाज न करता निघणारी एम५ तिच्या अगदी जवळची आहे, असंही कुणी म्हणू शकेल.

वजन का वाढलं

यात कंपनीची हौस कमी आणि नियम जास्त. युरोपीय संघाने कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या सरासरीवर मर्यादा घातली: किलोमीटरला ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि ओलांडल्यास दर ग्रॅमला दर गाडीमागे ९५ युरो दंड. प्लग-इन हायब्रिडची चाचणी बॅटरीचा वाटा धरून होत असल्याने जी९० कागदावर १०० किलोमीटरला दोन लिटरहून कमी पेट्रोल पिते. म्हणजे व्ही८ वाचवायचं तर बॅटरी वाहावी लागते. वजन ही व्ही८ ची किंमत आहे, असं कंपनीच्या बाजूने म्हणता येतं, आणि सी६३ ने निवडलेला दुसरा मार्ग पाहिला तर त्यात तथ्यही दिसतं.

पण युरोपियन आयोगाच्याच २०२४ च्या अहवालात असं आढळलं की रस्त्यावरच्या प्लग-इन हायब्रिड गाड्या कागदापेक्षा सुमारे साडेतीन पट उत्सर्जन करतात, कारण लोक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत. २०२५ पासून मोजणीची पद्धत कडक होत आहे. ज्या हिशेबासाठी हे पाचशे किलो अंगावर घेतले, तो हिशेबच बदलतो आहे.

घड्याळावरचा विश्वास

नुर्बुर्गरिंगच्या वीसेक किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवरचा वेळ हे एकेकाळी शेवटचं प्रमाण होतं. विजेच्या गाड्यांनी ते विस्कटलं. टेस्ला मॉडेल एस प्लेडने २०२३ मध्ये ७ मिनिटं २५.२ सेकंदांची फेरी मारली, पुढे पोर्श टायकान टर्बो जीटीने ७:०७.५५, आणि शाओमी एसयू७ अल्ट्राने ७:०४.९५७. पेट्रोलवरच्या कुठल्याही एम५ ला हे गाठता आलेलं नाही. पण विक्रम करणाऱ्या टायकानच्या वाइसाख पॅकेजमध्ये मागची सीटच नाही. चार दारं आहेत, मागे बसायला जागा नाही. मग ती ५००ई आणि ई२८ च्या कुळातली मानायची का? प्लेडच्या दोन सेकंदांच्या दाव्यातही गाडीने सरकलेला पहिला फूट धरलेला नाही. अमेरिकेत ड्रॅग शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे ते चालतं, युरोपातल्या मोजणीत नाही. आकडे शेजारी ठेवताना हे अनेकजण विसरतात.

या विजेच्या बाजूने एक अनपेक्षित पान उलटलं ते ह्युंदाईने. २०२३ च्या आयोनिक ५ एन मध्ये ६५० अश्वशक्ती आहे आणि तिची मोटर आठ गिअर असल्यासारखी वागवता येते: खोटे गिअर, खोटी रेडलाइन, खोटा धक्का. ती सेडान नाही आणि ऐषआरामीही म्हणता येणार नाही. तरी हातगिअरचे कट्टर लोक तिच्यातून हसत उतरतात. एफ१० च्या स्पीकरमधल्या आवाजावर जे रागावले होते, त्यांतल्या काहींना हे नाटक आवडतं, कारण इथे गिअर चुकला तर गाडी खरंच मंदावते. माझ्या दृष्टीने गेल्या पाच वर्षांतली ही सर्वांत विचार करायला लावणारी घटना आहे.

आपल्याकडे

१९९५ साली मर्सिडीजने पुण्यात जुळणी सुरू केली ती डब्ल्यू१२४ ची, म्हणजे ५००ई च्याच भावंडाची. पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना जर्मन गाडीच्या दाराचा तो ठोस आवाज पहिल्यांदा तिथे ऐकू आला. नवी एम५ भारतात पूर्ण तयार होऊन येते आणि २०२४ अखेरीस तिची शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची सपाटीवरची मर्यादा ताशी १०० किलोमीटर. एम५ ती साडेतीन सेकंदांत गाठते. म्हणून इथल्या प्रेमींची चर्चा टायरची उंची, गतिरोधक आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल यांवर येते, आणि मनातली निवड बहुधा चेन्नईत जुळणाऱ्या, निम्म्याहून स्वस्त बीएमडब्ल्यू एम३४०आय वर जाऊन ठरते.

काय ठरलेलं नाही

पुढची एम५ हलकी होईल की पूर्ण विजेची, हे बॅटरीच्या रसायनावर आणि युरोपच्या नियमांवर अवलंबून आहे. दोन्ही हलत आहेत. हातगिअरला खरे ग्राहक किती, हेही उघड नाही, कारण आवड सांगणारे आणि पैसे मोजणारे सारखेच लोक असतात असं नाही. अमेरिकेत ई६० आणि एफ१० ला हातगिअरचा पर्याय मिळाला होता. त्यानंतरच्या पिढीत तो कुणालाच मिळाला नाही.

आणि गाडी म्हातारी झाल्यावर काय, हा प्रश्न तर अजून कुणी नीट विचारलेलाही नाही. म्युनिकच्या त्या स्नेह्यांनी मागच्या उन्हाळ्यात ई३९ चा क्लच घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदलला. तीन शनिवार लागले. नव्या एम५ बद्दल मी विचारलं तेव्हा हातावरचं ग्रीस पुसत ते म्हणाले, "चालवून पाहिली रे. सुंदर आहे. पण तिच्या बॅटरीचं झाकण मी उघडू शकत नाही."